बाळू पालवणकरांचा भाव

बास्केटबॉलमध्ये पी.ई.आर. नावाचा एक आकडा असतो. जॉन हॉलिंजर नावाच्या अमेरिकन लेखकाने तो बनवला. खेळाडूचे गुण, रिबाउंड, पास, चुकलेले नेम, घालवलेले चेंडू, सगळं एकत्र करून मिनिटांच्या हिशोबात बसवायचं आणि एकच नंबर काढायचा. अख्ख्या लीगची सरासरी १५ धरतात. कुणाचा पंचविशीच्या वर गेला की मालक कोट्यवधी डॉलरचा करार घेऊन त्याच्या दारात. आपल्यालाही हे लगेच पटतं, कारण आउटपुट भागिले इनपुट हेच तर आपण चार वर्षं शिकतो.

आमच्या जऊळक्याला, म्हणजे अकोला-पूर्णा लाईनवरच्या स्टेशनाच्या गावात, बास्केटबॉल फक्त टीव्हीवर. पण सचिनचे आकडे शेंबड्या पोरालाही पाठ. म्हणून हा हिशोब मी क्रिकेटमधल्या एका माणसाला लावून पाहिला, ज्याचं नाव आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात मला तरी कधी दिसलं नाही. बाळू पालवणकर.

जन्म १८७६, धारवाडचा. चांभार समाजातलं घर, वडील लष्करात. पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात पहिली नोकरी लागली ती खेळाडू म्हणून नव्हे. पिच झाडायचं, रोलर फिरवायचा, कधीमधी मेंबरांना चार चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या क्लबात गेले, पगार झाला ४ रुपये. तिथे ग्रेग नावाचा इंग्रज बॅट्समन नेटमध्ये त्यांच्याकडून तासन् तास बोलिंग करवून घ्यायचा. आपल्याला आउट केलंस की आठ आणे, असा त्याने रेट लावला होता म्हणे. खरं असेल तर भारतातला हा पहिलाच परफॉर्मन्स बोनस असावा! डावखुरी फिरकी तिथेच तयार झाली. बॅट मात्र बाळूंच्या हातात कुणी दिली नाही. बॅटिंग हे साहेबांचं काम.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि या माणसाशिवाय ते जमणार नाही हे दिसत होतं. वाद झाले, शेवटी घेतलं. मैदानात सगळे त्यांनी टाकलेला चेंडू हातात घेत. चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळं, ताट वेगळं. रामचंद्र गुहांनी हे सविस्तर लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं.

प्लेगच्या वर्षी, १८९६ मध्ये, ते मुंबईला आले. हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, नोकरी पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेत. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या बोलिंगचा मोठा हात होता. देशभर गाजलेली मॅच ती.

आता हिशोब. फर्स्ट क्लास सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. म्हणजे मॅचमागे साडेपाचच्या आसपास. पण गंमत पुढे आहे. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज सरबराईत रमले, संघ २३ पैकी १५ सामने हरला. अशा संघात पस्तिशीच्या बाळूंनी एकूण ११४ बळी घेतले. त्यातले फर्स्ट क्लास ७५, सरासरी २०.१२. हे ७५ बाजूला काढून मी उरलेले मोजले. १०४ बळी राहतात आणि सरासरी येते साधारण ११.६७! त्या काळच्या पिचवर सगळ्यांच्याच धावा कमी व्हायच्या हे मान्य. पंपसुद्धा वेगळ्या हेडवर वेगळी एफिशियन्सी देतो. तरीही साडेअकरा म्हणजे फारच झालं. २००८ च्या पहिल्या आय.पी.एल. लिलावात धोनी १५ लाख डॉलरला गेला. त्या हॉलमध्ये बाळूंचं नाव पुकारलं असतं तर किती हात वर झाले असते, तुम्हीच सांगा.

माझं कोष्टक इथपर्यंत छान चाललं होतं. अडकलं ते कर्णधारपदाच्या रकान्यापाशी. हिंदू संघाला सामने जिंकून देणारा हा माणूस कर्णधार व्हायला हवा, हे मागाहून कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनीही जाहीरपणे मान्य केलं होतं. तरी वर्षामागून वर्षं गेली, ते पद उच्चजातीयांकडेच राहिलं. बाळूंचे भाऊ शिवराम, गणपत, विठ्ठल तिघेही याच संघातून खेळले. शिवरामने तर १९११ च्याच दौऱ्यात सॉमरसेटविरुद्ध नाबाद शतक काढून मॅच जिंकून दिली होती. १९२० मध्ये शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. तेव्हा कुठे पुढच्या सामन्यात चव्वेचाळिशीच्या बाळूंना उपकर्णधार केलं, आणि पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले तेवढ्यापुरतं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. बस्स. पूर्ण कर्णधारपद घरात आलं १९२३ मध्ये, विठ्ठलकडे, आणि हिंदूंनी ती चौरंगी स्पर्धा जिंकली.

पी.ई.आर.चं सूत्र घ्या नाहीतर बोलिंग ॲव्हरेज, जे मैदानात घडलं तेवढंच त्यात येतं. न मिळालेली बॅट आणि न मिळालेलं कर्णधारपद कुठल्या रकान्यात भरायचं, हे मला अजून सुटलेलं नाही. बॅटिंगची सरासरी १३.६९ आहे, पण उमेदीची वर्षं नेटमध्ये नुसतं चेंडू टाकण्यात गेलेल्या माणसाची ती सरासरी आहे.

नंतर ते राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. ४ जुलै १९५५ रोजी ते गेले.