लुई अगासी

झाँ लुई रोडोल्फ अगासी (२८ मे, १८०७:मोतिए, स्वित्झर्लंड - १४ डिसेंबर, १८७३:केंब्रिज, मॅसेच्युसेट्स, अमेरिका) हे जीवाश्म माशांच्या अभ्यासाचा पाया घालणारे स्विस-अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ होते. हिमयुगाच्या कल्पनेचे पुरस्कर्ते म्हणून त्यांचे नाव अधिक घेतले जाते.

जीवन

अगासी हे धर्मोपदेशकाचे पुत्र. झुरिच, हायडेलबर्ग व म्युनिक येथे त्यांचे शिक्षण झाले. पॅरिसमध्ये जॉर्ज कुव्हिए यांनी जीवाश्म माशांविषयीची आपली टिपणे व चित्रे या तरुणाच्या स्वाधीन केली. १८३२मध्ये ते न्यूशातेल येथे प्राध्यापक झाले. १८३३ ते १८४३ या काळात त्यांचा जीवाश्म माशांवरील पाच खंडांचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८४६मध्ये ते अमेरिकेस गेले व पुढे हार्वर्ड येथे अध्यापन करू लागले. मानववंश स्वतंत्रपणे निर्माण झाले, हे त्यांचे तेथील प्रतिपादन आज वंशवादी म्हणून त्याज्य ठरले आहे.

जाती ओळखण्याचा प्रश्न

मासा दगडात गाडला गेला की मांस व रंग नाहीसे होतात. उरतात ते खवले, दात, काटे व हाडे. म्हणून अगासी यांनी खवल्यांवरून माशांचे चार गट केले: शार्कचे दातासारखे प्लॅकॉइड, चकचकीत व कठीण गॅनॉइड, कंगव्यासारख्या कडेचे टेनॉइड आणि गुळगुळीत कडेचे सायक्लॉइड. (रोहूचे खवले शेवटच्या प्रकारचे असतात.) ही वर्गवारी पुढे टिकली नाही. काही चपट्या माशांच्या एका बाजूस टेनॉइड, तर दुसऱ्या बाजूस सायक्लॉइड खवले आढळतात. खवल्यांची नावे मात्र आजही वापरात आहेत.

सुटे अवशेष ही दुसरी अडचण. एकाच शार्कचा दात आणि पाठीवरचा काटा वेगवेगळ्या ठिकाणी सापडले, तर त्यांना दोन जाती समजले जाणे सहज शक्य असते. १८३४मध्ये इंग्लंडमधील लाइम रेजिस येथे मेरी ॲनिंग व एलिझाबेथ फिलपॉट यांनी कोणता काटा कोणत्या शार्कचा, हे त्यांना दाखवून दिले. कृतज्ञतेने अगासी यांनी दोघींची नावे माशांच्या जातींना दिली. ॲनिंग यांना त्यांच्या हयातीत असा मान क्वचितच मिळाला.

जाती अचल असतात, या मतावर अगासी अखेरपर्यंत ठाम राहिले. डार्विनचा सिद्धान्त त्यांनी स्वीकारला नाही.

ग्लारुसचे मासे

स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथील पाटीच्या दगडातील माशांमध्ये अगासी यांनी शरीराच्या प्रमाणांवरून अनेक जाती मानल्या होत्या. परंतु आल्प्स पर्वत घडताना हा खडक दाबाखाली ताणला गेला होता. ताणाच्या दिशेत पडलेला मासा लांब व सडपातळ झाला, आडवा पडलेला आखूड व रुंद. अगासी यांच्या मृत्यूनंतर, १८८६मध्ये, वेटश्टाइन यांनी हे दाखवून दिले आणि त्यांपैकी बऱ्याच जाती एकमेकींत विलीन कराव्या लागल्या.