चकती नसलेल्यांचा गुरू

हॉकी म्हटलं की आपल्याला हिरवं मैदान आणि ध्यानचंद आठवतात. पायांत पात्यांचे बूट घालून, चेंडूऐवजी रबरी चकती घेऊन बर्फावर खेळली जाणारी हॉकी आपल्या खिजगणतीतही नसते. तरी त्या खेळातल्या एका प्रशिक्षकाविषयी मला फार वर्षांपासून कुतूहल आहे. त्याचं नाव अनातोली तारासोव.

मॉस्कोत १० डिसेंबर १९१८ रोजी त्याचा जन्म झाला. रशियात तेव्हा बर्फावर हॉकी होती, पण ती चेंडूची. चकतीची हॉकी कॅनडाची. सोव्हिएत संघराज्यात तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९४६च्या डिसेंबरात. अनुकरण करायचं तर समोर कॅनडाचा नमुना होता. तारासोवने तो गिरवला नाही. कृत्रिम बर्फाची सोय नव्हती; थंडी सरली की मैदानाचं पाणी व्हायचं. मग त्याने जमिनीवरच सराव मांडला. धावणं, वजनं उचलणं, फुटबॉल, कसरती. तक्रारीला वाव नव्हता.

दरम्यान घरावर घाला पडला. ७ जानेवारी १९५० रोजी हवाई दलाच्या संघाचं विमान स्वेर्दलोव्स्कजवळ कोसळलं आणि अकरा खेळाडू गेले. त्यांत त्याचा धाकटा भाऊ युरी होता.

त्याच्या विचाराचं सार मला असं दिसतं : चकती एकाजवळ असते, सामना उरलेले चौघे ठरवतात. ज्याच्याजवळ ती नाही त्याने कुठे जावं, कोणासाठी जागा मोकळी करावी, हे तो शिकवत राहिला. एकट्याच्या पराक्रमापेक्षा अचूक पास त्याला मोलाचा वाटे. पण माणूस पारखताना त्याचीही नजर चुकली. किरकोळ अंगाच्या व्हालेरी खारलामोवला त्याने दूर चेबार्कुलच्या दुय्यम संघात धाडलं. पोराने तिथे गोलांचा सपाटा लावला आणि गुरूला मत बदलावं लागलं.

राष्ट्रीय संघात तापट तारासोवच्या जोडीला शांत अर्कादी चेर्निशेव होता. कागदोपत्री मुख्य प्रशिक्षक चेर्निशेवच. बँकेच्या नोकरीत असे दोन साहेब एका शाखेत आले की वर्षभरात एकाची बदली ठरलेली, हे मी पाहिलं आहे. या दोघांनी मात्र १९६३ ते १९७१ सलग नऊ जागतिक विजेतेपदं आणि १९६४, १९६८, १९७२ची ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली.

त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचं कारण नाही. त्याचा क्लब लष्कराचा. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे देशातले चांगले खेळाडू त्याच्याकडे ओढले जात. इतर क्लब त्यावर धुसफुसत. त्याची शिस्तही जाचक होती. मे १९६९मध्ये स्पार्ताकविरुद्धच्या सामन्यात आपल्या संघाचा गोल पंचांनी नाकारला म्हणून त्याने खेळाडूंना मैदानाबाहेर नेलं आणि खेळ बराच वेळ खोळंबला. प्रेक्षकांत खुद्द ब्रेझनेव्ह होते. सन्मानाची पदवी काढून घेण्यात आली, पुढे ती परतही मिळाली. वरिष्ठांना न जुमानणारा माणूस कामापुरता सहन केला जातो, हे तिथेही खरं होतं.

१९७२च्या सापोरो ऑलिंपिकनंतर तो आणि चेर्निशेव राष्ट्रीय संघातून बाहेर पडले. ज्या सामन्यांची त्याने वर्षानुवर्षं वाट पाहिली, ते कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंशी व्हायचे सामने त्याच सप्टेंबरात झाले. पहिला मॉन्ट्रियलला, २ सप्टेंबरला. कॅनडाने सुरुवातीलाच दोन गोल केले. शेवटी सोव्हिएत संघ ७-३ जिंकला. सातपैकी चार गोल पेत्रोव, मिखाइलोव आणि खारलामोव यांचे, आणि गोलरक्षक वीस वर्षांचा त्रेत्याक. चौघेही तारासोवच्याच क्लबचे. संघाची सूत्रं मात्र व्हसेवोलोद बोब्रोवच्या हाती होती. आठ सामन्यांची ती मालिका अखेर कॅनडाने एका विजयाच्या फरकाने जिंकली. तारासोव बाकावर असता तर काय झालं असतं, हा प्रश्न रशियात पुढे अनेकांनी विचारला.

कॅनडाने १९७४मध्ये आपल्या हॉकीच्या सन्मानदालनात त्याचं नाव कोरलं. २३ जून १९९५ रोजी तो वारला. त्याची कन्या तात्याना बर्फावरच्या नृत्याची नामवंत प्रशिक्षक झाली.

पदकांपेक्षा मला मोठी वाटते ती ‘सोनेरी चकती’ ही मुलांची स्पर्धा. ती १९६४मध्ये सुरू झाली, आणि तारासोव तिचा मोठा आधार होता. वाड्यावस्त्यांतली, गल्लीबोळांतली पोरं तिच्यात संघ करून उतरत. मॉन्ट्रियलच्या बाकावर त्याला जागा मिळाली नाही; पण या पोरांना पास द्यायला शिकवायला कोणत्याही वरिष्ठाची परवानगी लागत नव्हती.