आर्चबिशप टेट व त्यांच्या पाच मुली

मंडळीतील एखादे लहान मूल दगावते तेव्हा त्याच्या आईबापांपुढे काय बोलावे हे आम्हा उपदेशकांनाही सुचत नाही. अशा वेळी आम्हांस आर्चिबाल्ड कॅम्पबेल टेट यांच्या चरित्राची आठवण होते.

टेट यांचा जन्म १८११ साली एडिंबरो येथे झाला. रग्बी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळल्यावर १८४९ साली ते उत्तर इंग्लंडातील कार्लाईल येथील कॅथीड्रलचे डीन नेमले गेले. १८५६ च्या फेब्रुवारीत ल्यूसी जन्मली, तेव्हा त्यांना ६ मुली व क्रॉफर्ड हा मुलगा होता.

मार्च उजाडला आणि लोहितांग ज्वर घरात शिरला. घसा सुजून अंगावर तांबडे पुरळ उठणारा हा ताप त्या काळी इंग्लंडातील शहरांत असंख्य मुलांचा बळी घेई. डीनचा वाडा व मजुराची खोली असा भेद त्याला नव्हता. ६ मार्चला ५ वर्षांची शार्लट गेली. तिच्यामागून दीड वर्षाची सुसान, मग फ्रान्सिस, मग १० वर्षांची कॅथरिन. ८ एप्रिलला मेरी गेली. पाच आठवड्यांच्या आत पाच मुली! क्रॉफर्ड आणि तान्ही ल्यूसी एवढीच उरली.

हा रोग जंतूंमुळे होतो हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. पेनिसिलिन मिळू लागण्यास अजून सुमारे ९० वर्षे होती. आज वेळीच औषध दिल्यास तो बरा होतो. तेव्हा असे मरण म्हणजे आईबापांच्या पापाची शिक्षा, असे शब्बाथ शाळेच्या वर्गात कोणी म्हटल्यास शिक्षकांनी ते तसेच सोडू नये. ईयोबाचे मित्रही असेच बोलले होते.

त्याच वर्षी टेट लंडनचे बिशप झाले. १८६६ साली पूर्व लंडनमध्ये पटकी पसरली, तेव्हा ते व त्यांच्या पत्नी कॅथरिनबाई रोग्यांना भेटावयास गेले. साथीत पोरक्या झालेल्या मुलींसाठी बाईंनी फुलहॅम येथे अनाथाश्रम काढला. १८६८ साली टेट कँटरबरीचे आर्चबिशप झाले. १८७८ साली क्रॉफर्ड व कॅथरिनबाई दोघेही गेले. ३ डिसेंबर १८८२ रोजी टेट प्रभूमध्ये निजले.

टेट दांपत्याला आपल्या दुःखाचा उलगडा झाला की नाही, हे देव जाणे. परक्यांच्या लेकरांसाठी त्यांनी दार उघडले, एवढे मात्र आपण पाहतो. आपणही शोक करणाऱ्या घरी जाऊन मुकाट्याने जवळ बसावे, आणि आपल्या लेकराला ताप व पुरळ दिसताच प्रार्थनेबरोबर डॉक्टरांचीही वाट धरावी.