पवनारचे वाचक : आचार्य विनोबा भावे

वर्ध्याहून नागपूरच्या सडकेनें सुमारें पांच मैल गेलें म्हणजे धाम नदीचा पूल लागतो. पलीकडे टेकाडावर जो आश्रम दिसतो, तेथें एक प्राचीन पाषाणशिल्प ठेविलेलें आहे. आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ विद्यार्थ्यांनीं तें सहलीच्या निमित्तानें पाहिलें असेल; परंतु घाईनें पाहिलें असेल, असें म्हटल्यास त्यांनीं रागावूं नये. त्या शिल्पाची हकीकत सांगावयाची, तर ज्यांनीं त्याचा अर्थ लावला त्या पुरुषाची हकीकत आधीं सांगितली पाहिजे. भूदानासाठीं देशभर पायीं हिंडलेले विनोबा सर्वांस ठाऊक आहेत. येथें ओळख करून द्यावयाची आहे ती ग्रंथ वाचणाऱ्या विनोबांची.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ता. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील गागोदें या गांवीं झाला. शिक्षण बडोद्यास झालें. १९१६ सालीं इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघालेला हा तरुण वाटेंत सुरतेस उतरला आणि काशीस गेला. तत्पूर्वीं एके दिवशीं आईच्या चुलींत त्यानें आपलीं प्रशस्तिपत्रें जाळून टाकिलीं होतीं. (हा प्रसंग वर्गांत सांगतांना शिक्षकांस थोडें अवघड वाटतें, हें खरें.) त्याच वर्षीं जून महिन्यांत अहमदाबादेजवळ कोचरब येथें गांधीजींची भेट झाली व ते आश्रमवासी झाले. प्रशस्तिपत्रें जळलीं तरी अभ्यास मात्र सुटला नाहीं. १९१७ सालीं एक वर्षाची रजा घेऊन ते वाईस नारायणशास्त्री मराठे यांजपाशीं गेले व तेथें त्यांनीं उपनिषदें आणि शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रें यांचें अध्ययन केलें. रजेची मुदत संपतांच ते आश्रमांत परत हजर झाले.

घरीं असतांनाच एक मागणी त्यांच्या पदरीं आली होती. आई रुक्मिणीबाई गीतेचें प्रवचन ऐकावयास जात. परंतु संस्कृत कळेना, म्हणून त्यांनीं मुलास मराठी गीता आणावयास सांगितली. मुलानें एक पद्यानुवाद आणून दिला. तोही कठीण वाटला. तेव्हां तूंच कां करीत नाहींस, असें त्या माउलीनें विचारलें. मुलगा त्या वेळीं कॉलेजांत शिकत होता. पुढें १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत आई गेली आणि मागणी तशीच राहिली.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनीं विनोबांस वर्ध्याचा आश्रम चालविण्यास पाठविलें. ते ता. ८ एप्रिल १९२१ रोजीं येथें आले व तेव्हांपासून आपल्याच जिल्ह्याचे झाले. १९२३ सालीं त्यांनीं येथून ‘महाराष्ट्र-धर्म’ हें पत्र काढिलें. त्यांत उपनिषदांवर व पुढें तुकोबांच्या अभंगांवर त्यांचीं विवरणें येत. त्यांच्या वाचनाची तऱ्हा त्यांतूनच ध्यानीं येते. ग्रंथ थोडे घ्यावयाचे, त्यांतला एकेक शब्द हातीं घ्यावयाचा, आणि तो आपल्या आचरणांत उतरतो कीं नाहीं हें पाहिल्यावांचून पुढें सरकावयाचें नाहीं. अशा वाचनास वेळ फार लागतो. आईच्या मागणीस सुमारें पंधरा वर्षें लागलीं. ता. ७ ऑक्टोबर १९३० रोजीं पहांटे वर्ध्यास त्यांनीं गीतेच्या मराठी अनुवादास आरंभ केला आणि ता. ६ फेब्रुवारी १९३१ रोजीं तो पुरा झाला. श्लोकास श्लोक ठेवून केलेल्या या रचनेस त्यांनीं ‘गीताई’ हें नांव दिलें. त्या नांवांत गीता आहे आणि आईही आहे. पुढें आपले बंधु शिवाजीराव यांच्या साहाय्यानें त्यांनीं गीताईच्या शब्दांचा कोशच तयार केला.

१९३२ सालीं कारावास आला. धुळ्याच्या तुरुंगांत ता. २१ फेब्रुवारीपासून ता. १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, याप्रमाणें त्यांनीं गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनें दिलीं. सोबतच्या बंद्यांत साने गुरुजी होते. त्यांनीं तीं लिहून घेतलीं, म्हणून तीं आज आपणांस मिळतात. पहिल्याच प्रवचनांत अर्जुनाच्या विषादाचा प्रश्न येतो. अर्जुनास युद्ध नको होतें, म्हणजे तो अहिंसेच्या मार्गास लागला होता काय? विनोबा नाहीं म्हणतात, आणि एका न्यायाधीशाचा दृष्टांत देतात. अनेकांस फांशी देणाऱ्या त्या न्यायाधीशासमोर स्वतःचाच मुलगा आरोपी म्हणून उभा राहतो, तेव्हां त्यास फांशीची शिक्षा अमानुष आहे हें प्रथमच सुचतें! त्याचें म्हणणें खोटें नव्हे. पण तें न्यायबुद्धींतून आलेलें नसून ममतेंतून आलेलें आहे. चौथ्या अध्यायांतील विकर्म या शब्दाविषयीं तर त्यांनीं मोठेंच धाडस केलें. शंकराचार्यांदि भाष्यकार त्याचा अर्थ निषिद्ध कर्म असा घेतात. विनोबांनीं त्याचा अर्थ विशेष कर्म, म्हणजे बाह्य कर्मास मनाची जोड देणारें आंतलें कर्म, असा केला. ज्या भाष्यावर आपला पिंड पोसला त्याहून निराळें सांगावयाचें, तें उद्धटपणानें नव्हे आणि भीतभीतही नव्हे, ही गोष्ट सोपी नाहीं. त्यांचा अर्थ सर्वच पंडितांस मान्य नाहीं. आम्हांसही तो व्याकरणापेक्षां अनुभवानें अधिक टिकतो असें वाटतें.

बाराव्या अध्यायाच्या प्रवचनांत त्यांनीं सगुण व निर्गुण भक्ति समजाविण्यासाठीं लक्ष्मण आणि भरत यांस पुढें केलें. एक रामाच्या सन्निध राहून सेवा करणारा, दुसरा दूर राहून त्याचें काम वाहणारा. चौदा वर्षांनंतरची राम-भरतांची भेट कोणी चितारली तर तें चित्र किती पावन होईल, दोघां भावांत वनांतून आलेला कोण व नगराजवळ राहिलेला कोण हें ओळखतांही येणार नाहीं, असा भाव त्यांनीं तेथें वर्णिला.

यानंतर सहा वर्षांनीं, १९३८ सालीं, प्रकृति फार खालावल्यामुळें ते पवनारास राहावयास आले. तेथें जमीन खणतांना एक शिल्प निघालें. विनोबांनीं पाहिलें तों त्यांस तीच भरत-राम भेट दिसली. जें चित्र मनांत होतें तेंच भूमींतून वर आलें, असें त्यांस वाटलें, आणि त्या शिल्पाची तेथें स्थापना झाली.

आतां अभ्यासकांचें काय म्हणणें आहे तेंही सांगितलें पाहिजे. पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपुर, असें नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनीं दाखविलें. तेथील शिल्पपट पांचव्या शतकांतील असून ते रामकथेचे आहेत असें त्यांचें मत होतें. ज्या प्रवरसेनाच्या नांवावर ‘सेतुबंध’ हें रामकथेवरील प्राकृत काव्य आहे, त्याचीच ही नगरी. पुढील अभ्यासकांनीं मात्र या पटांतील प्रसंग निराळेही लावले आहेत. छिन्नीचे घाव व वेशभूषा पाहणारा संशोधक आणि भरताची भक्ति पाहणारा विनोबांसारखा वाचक हे एकाच दगडापुढें उभे राहून भिन्न गोष्टी सांगतात. विनोबांनीं कलेचा इतिहास लिहिला नाहीं. त्या दगडापुढें आपण काय पाहिलें एवढेंच सांगितलें.

१९४४ सालीं शिवनीच्या तुरुंगांत गीतेच्या अवघ्या अठरा श्लोकांवर त्यांनीं जीं व्याख्यानें दिलीं, त्यांचा ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ हा ग्रंथ झाला. कुराण मुळांतून वाचतां यावें म्हणून ते अरबी शिकले. कुराण, धम्मपद, जपुजी आणि नवा करार यांचेंही त्यांनीं असेंच सावकाश परिशीलन केलें. ‘ख्रिस्त-धर्म-सार’ हें त्याचेंच एक फळ होय. भूदानाची पदयात्रा १९५१ सालीं सुरू झाली व १९६४ सालीं ते पवनारास परतले.

जन्मभर शब्दांचे अर्थ लावणाऱ्या या पुरुषाचाच एक शब्द उत्तरवयांत वादांत सांपडला. १९७५ सालीं आणीबाणी चालू असतां व स्वतः मौनांत असतां त्यांनीं अनुशासनपर्व हा शब्द लिहून दाखविला. सरकारनें तो शिस्तीचें युग या अर्थानें गाजविला, आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचीं मनें दुखावलीं. तो शब्द महाभारतांतला. शासन राज्यकर्त्यांचें असतें आणि अनुशासन निर्भय आचार्यांचें, असा खुलासा विनोबांनीं मौन सुटल्यावर केला. तोंपर्यंत पहिला अर्थ भिंतीभिंतींवर लागला होता. एवढ्या सावध वाचकानें त्या समयीं इतकें थोडें लिहावयास नको होतें, असें आमचें नम्र मत आहे.

ता. १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं पवनार येथें त्यांचें देहावसान झालें. त्यापूर्वीं दोन वर्षें, १९८० सालीं, वर्ध्याजवळ गोपुरीस गीताई-मंदिर झालें. त्यास छप्पर नाहीं आणि आंत मूर्तिही नाहीं. केवळ उभ्या शिळा आहेत व त्यांवर गीताईचे श्लोक कोरलेले आहेत. उन्हांत एका शिळेपासून दुसरीपर्यंत चालत, हळूहळू ते वाचावे लागतात.