ज्ञानकोशकारांचे विज्ञान आणि माणसाची श्रद्धा

विज्ञान वाढले की अंधश्रद्धा आपोआप मावळेल आणि ती मावळली की माणूस शहाणा होईल, ही एकोणिसाव्या शतकाने विसाव्याच्या हाती ठेवलेली मोठी आशा होती. या आशेची कठोर परीक्षा घेणाऱ्या लेखकांत एच. जी. वेल्स यांचे नाव सहज आठवते. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द टाइम मशीन’ या कादंबरीत त्यांनी यंत्राच्या बळावर दूरच्या भविष्यात जाणारा मनुष्य रंगविला. पण त्याला तेथे दिसला तो वर्गभेदाने दुभंगून दोन जाती झालेला मानववंश. पुढे हेच वेल्स सामान्य वाचकासाठी साऱ्या जगाचा इतिहास लिहावयास बसले, कारण ज्ञान सर्वांचे झाल्यावाचून माणसाला भवितव्य नाही, असे त्यांना वाटू लागले होते. साधारण त्याच सुमारास, त्याच तळमळीने, एक मराठी माणूस त्याहून अवघड काम करीत होता. त्याच्या उद्योगाची पहिली मांडणी नागपुरात झाली. तो माणूस म्हणजे ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शिक्षण अमरावतीस व मुंबईस झाले. १९०६ साली ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९११ साली मिळविली. तत्पूर्वीच, १९०९ साली, भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. जात ही ईश्वराने नेमून दिलेली व्यवस्था आहे, असे मानणारे एका बाजूस. ती केवळ पुरोहितांची लबाडी आहे, असे म्हणणारे दुसऱ्या बाजूस. केतकरांनी दोन्ही वाटा सोडल्या. मनुस्मृतीसारखा ग्रंथ कोणत्या काळात, कोणत्या समाजस्थितीत आणि कोणाच्या गरजेपोटी तयार झाला, हे ते तपासू लागले. श्रद्धेची निंदा वा स्तुती करण्याआधी तिचा जन्म व वाढ पाहावी, ही त्यांची शास्त्रीय दृष्टी होती.

या ग्रंथाची दखल एका असामान्य वाचकाने घेतली. १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यात केतकरांच्या व्याख्येचा त्याने आदराने विचार केला आणि त्यांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणे ही वस्तुतः एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, असे दाखवून त्यांच्या पुढचे पाऊल टाकले. त्याच १९१६ साली केतकर नागपुरात ज्ञानकोश मंडळ उभारीत होते.

त्या वेळचे नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी होती. मराठी व हिंदी येथे शेजारी नांदत होत्या; विद्यापीठ मात्र अजून स्थापन व्हायचे होते. ते १९२३ साली झाले. ज्या शहरात विद्यापीठ नाही तेथे मराठी ज्ञानकोशाची कंपनी काढणे हे तत्कालीन शहाण्यांना धाडसाचे वाटले असल्यास नवल नाही. केतकरांनी ती मर्यादित कंपनी म्हणून रीतसर काढली, भागभांडवल जमविले आणि वर्गणीदार मिळविण्यासाठी गावोगाव पायपीट केली. राजाश्रयाची वाट न पाहता शिक्षक, वकील, कारकून, व्यापारी यांच्या पैशातून ज्ञानाचे भांडार उभारावयाचे, हा त्यामागील विचार होता. पुढे काम पुण्यास हलले आणि १९२० नंतरच्या दशकात तेवीस खंड वाचकांच्या हाती पडले.

या खंडांची रचनाही विचारपूर्वक होती. अकारविल्हे नोंदींपूर्वी त्यांनी पाच प्रस्तावनाखंड घातले. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि पाचवा विज्ञानेतिहास, हा तो क्रम. वेदविद्येला एक खंड आणि विज्ञानाच्या इतिहासाला एक खंड, दोन्ही एकाच मांडवाखाली. आपली श्रद्धा ही जगाच्या इतिहासातील एक घटना आहे आणि विज्ञान हीही माणसाने पिढ्यान्‌पिढ्या घडविलेली वस्तू आहे, हे वाचकाला आपसूक कळावे, अशी ही योजना होती. तिच्यात तुच्छता नव्हती आणि भाबडेपणाही नव्हता.

परंतु माणूस केवळ माहितीने बदलत नाही, हे केतकरांना स्वतःच्या घरात कळले. लंडनमध्ये त्यांची एडिथ कोह्न या ज्यू तरुणीशी ओळख झाली होती. १९२० साली त्यांचा विवाह झाला. त्यासाठी केतकरांनी व्रात्यस्तोम हा समाजाबाहेरच्यांना आत घेण्याचा प्राचीन वैदिक विधी शोधून काढला आणि एडिथ या शीलवती झाल्या. नोंदणी विवाहाचा सोपा मार्ग सोडून त्यांनी हे का केले? परंपरेचे दार तोडण्यापेक्षा तिचीच विसरलेली किल्ली शोधावी, म्हणजे इतरांनाही ते दार उघडता येईल, असा त्यांचा हिशेब असावा. याच शीलवतीबाईंनी पुढे विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर केले.

ज्ञानकोशात जे सांगता येईना ते सांगण्यासाठी केतकर कादंबरीकडे वळले. १९२६ च्या ‘गोंडवनातील प्रियंवदा’पासून त्यांनी समाजशास्त्रालाच कथेचे रूप दिले. १९३० च्या ‘ब्राह्मणकन्ये’त बाप ब्राह्मण आणि आईची आई रक्षिता, अशा घरातील कालिंदीला समाजात जागा कोणती, हा प्रश्न आहे. कालिंदी सुशिक्षित आहे, तर्कशुद्ध विचार करणारी आहे; तरीही जिव्हाळ्याच्या भुकेपोटी ती घराबाहेर पडते आणि जग तिची किंमत तिच्या कुळावरून ठरविते. त्याच कादंबरीतील वैजनाथशास्त्री तर नव्या काळासाठी नवी स्मृतीच रचतात. स्मृती माणसांनी रचल्या असतील तर त्या माणसांना बदलताही येतील, ही केतकरांची श्रद्धाच तेथे बोलते.

या कादंबऱ्यांत कला कमी आणि चर्चा फार, असा आक्षेप घेतला गेला आणि तो खोटा नाही. वेल्स यांच्या उत्तरकालीन कादंबऱ्यांनाही तोच दोष चिकटला होता. केतकरांचा खरा कच्चा दुवा मात्र आणखी एक होता. समाजाचे शास्त्र समजले की समाजाची नवी मांडणी करता येईल, असा त्यांचा विश्वास होता. मांडणी करणाऱ्यांचा अहंकार आणि ज्यांची मांडणी करावयाची त्यांचे दुःख, या दोन गोष्टी त्या हिशेबात पुरत्या बसत नाहीत. जातीचा इतिहास केतकरांनी लिहिला. जातीचा दाह सोसलेल्या त्यांच्या त्या वाचकाने मात्र १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखो अनुयायांसह वेगळा मार्ग पत्करला. एकाने जुन्या घराची किल्ली शोधली. दुसऱ्याने ते घरच सोडले.

केतकर १९३१ च्या हैदराबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मान मिळाला, पैसा मिळाला नाही. अखेरची वर्षे विवंचनेत गेली आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या समाजाला त्यांनी तेवीस खंड दिले त्याने ते कपाटात ठेवले आणि कर्त्याला विसरण्याची घाई केली.

आज हा ज्ञानकोश संगणकाच्या पडद्यावर कोणालाही उघडता येतो. माहितीचा दुष्काळ संपला. पण जात पाहून घर भाड्याने देणारा आणि मुहूर्त पाहून नवे यंत्र सुरू करणारा सुशिक्षित माणूस संपलेला नाही. विज्ञान खिशात आले म्हणून ते वृत्तीत उतरतेच असे नाही. आपण जे मानतो ते का मानतो, हे स्वतःला विचारण्याची सवय लागावी लागते, आणि ती सवय कोणताही कोश विकत घेऊन लागत नाही. केतकरांनी आयुष्य वेचून मराठी माणसापुढे तो प्रश्न मांडला. उत्तर देणे ज्याचे त्याने करावयाचे आहे.