विश्लेषण : सापेक्षतेचे गणित बनारसला नेणारे वि. वा. नारळीकर कोण होते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदकडून पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो. तिथे औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात उभी केलेली ‘आयुका’ ही संस्था या प्रकल्पात भागीदार आहे. त्यामुळे लायगो म्हटले की नारळीकर हे नाव आठवते, ते जयंतरावांमुळे. पण गुरुत्वाकर्षणाचे आइन्स्टाइनने मांडलेले गणित भारतात ज्या मोजक्या प्राध्यापकांनी रुजवले, त्यात त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे एक प्रमुख नाव होते.

केम्ब्रिजमधून थेट बनारसला

विष्णु नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूरचा. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ मध्ये पदवी घेऊन ते केम्ब्रिजला गेले आणि १९३० मध्ये रँग्लर झाले. ‘रँग्लर परांजपे’ हे नाव घरोघरी माहीत असलेल्या महाराष्ट्रात या पदवीचा मान वेगळा सांगायला नको. खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक आणि पुढे रॅले पारितोषिकही त्यांना मिळाले. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे दाखवणारे आर्थर एडिंग्टन तेव्हा केम्ब्रिजमध्येच होते. त्यांच्या सहवासात नारळीकरांचे संशोधन सुरू झाले.

१९३२ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात बोलावले. चोविशीतला हा तरुण तिथे थेट गणित विभागाचा प्रमुख झाला. हा निर्णय सोपा नव्हता. नव्या संशोधनाची ताजी बातमी केम्ब्रिजमध्ये चहाच्या टेबलावर कळे. बनारसला ती छापील नियतकालिकातून, बोटीने येई.

विषयही पडत्या काळातला होता. १९२५ नंतर जगभरचे हुशार तरुण क्वांटम सिद्धांताकडे आणि पुढे अणुकेंद्राकडे वळले. सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांताला बुधाची कक्षा आणि वाकणारा प्रकाश यापलीकडे दाखवण्यासारखे पुरावे थोडेच होते. त्यामुळे तो बराचसा गणित विभागांतच उरला. नारळीकरांनी नेमका तोच धरून ठेवला आणि १९६० पर्यंत बनारस सोडले नाही.

प्रकाश ओतणाऱ्या ताऱ्याचे कोडे काय होते?

१९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण शिक्षक बिऱ्हाड घेऊन बनारसला आले. नारळीकरांच्या हाताखाली शिकायचे, एवढाच त्यांचा हेतू. ते जेमतेम दहा महिने राहिले. पण नारळीकरांच्या कारकिर्दीतला सर्वात मोलाचा काळ निवडायचा झाला तर हाच.

प्रश्न असा होता. ताऱ्याभोवतीचे गुरुत्वाकर्षण सांगणारे समीकरण कार्ल श्वार्झशिल्डने १९१६ मध्येच सोडवले होते. मात्र त्यातला तारा काळोखा होता, त्यातून काहीच बाहेर पडत नव्हते. खरा तारा तर सतत प्रकाश ओतत असतो. प्रकाश म्हणजे ऊर्जा, आणि आइन्स्टाइनच्या हिशेबात ऊर्जेलाही गुरुत्वाकर्षण असते. म्हणजे ताऱ्याचे वस्तुमान हळूहळू घटते आणि भोवतीचे अवकाश रिकामे न राहता वाहत्या प्रकाशाने भरलेले असते. अशा ताऱ्याभोवती अवकाश आणि काळ यांचा आकार कसा असेल?

वैद्यांनी उत्तर शोधले आणि १९४३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आज जगभर ते ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून शिकवले जाते. सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाबतीत हा फरक इतका किरकोळ होता की पुढची वीस वर्षे त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. १९६३ मध्ये क्वेसार, म्हणजे प्रचंड ऊर्जा फेकणाऱ्या दूरच्या वस्तू, ओळखल्या गेल्या आणि चित्र पालटले.

क्वांटम गुरुत्वाशी संबंध कसा?

१९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी दाखवले की क्वांटम नियम लावले तर कृष्णविवरातूनही प्रारण बाहेर पडते आणि ते झिजत जाते. झिजताना त्याने गिळलेली माहिती कुठे जाते, हा क्वांटम गुरुत्वाच्या संशोधनातला आजचाही न सुटलेला प्रश्न आहे. वस्तुमान गमावणाऱ्या कृष्णविवराची भूमिती मांडायची तर संशोधक पुन्हा पुन्हा वैद्यांचे समीकरण घेतात. बनारसच्या त्या दहा महिन्यांत हे कुणाच्या ध्यानीमनी असणे शक्य नव्हते.

नारळीकरांसोबत काम केलेले के. आर. करमरकर यांनी १९४८ मध्ये मांडलेली ‘करमरकर अट’ही अतिघन ताऱ्यांची प्रारूपे बनवताना आता सर्रास वापरली जाते.

लायगोमध्ये हेच गणित प्रकाशशास्त्राला भेटते. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी नळ्यांत लेसर किरण धावतात. गुरुत्वीय लहर गेली की नळ्यांतील अंतर प्रोटॉनच्या रुंदीहूनही कितीतरी कमी बदलते. त्यासाठीचे आरसे प्रत्येकी ४० किलो वजनाचे, अतिशुद्ध सिलिका काचेचे, आणि त्याच काचेच्या अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तंतूंवर टांगलेले असतात. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, ती दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली होती.

नाव मागे का राहिले?

एक कारण उघड आहे. त्यांची दोन मोठी फळे शिष्य आणि सहकाऱ्यांच्या नावावर आहेत; त्यांचे स्वतःचे संशोधन बरेच असले तरी एखाद्या ठसठशीत सूत्राला त्यांचे नाव चिकटले नाही. दुसरे कारण घरातलेच, मुलाची कीर्ती. बनारसच्या घरात त्यांनी भिंतींवर फळे करून घेतले होते. त्यांवर मोरूमामा हुजूरबाजार भाच्यासाठी अवघड गणिते लिहून ठेवत आणि जयंत ती सुटेपर्यंत झगडत असे.

बनारसनंतर नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. सापेक्षतेच्या अभ्यासकाने सरकारी भरतीच्या परीक्षा पाहाव्यात, हे आज विचित्र वाटते, आणि संशोधनाचा त्यात तोटाच झाला असणार. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून परतले आणि १९७३ पर्यंत शिकवत राहिले. दरम्यान, त्यांच्या साठीच्या निमित्ताने जमलेल्या अभ्यासकांनी १९६९ मध्ये सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षणासाठी देशव्यापी संघटना स्थापन केली. १९९१ मध्ये ते गेले, तेव्हा पुण्यात आयुका सुरू होऊन तीन वर्षे झाली होती.