भिवंडीत राहून गेलेला नट

मे 1984 च्या दंगलीनंतर माझी बदली भिवंडीच्या शाखेत झाली. टेबलावर जळालेल्या यंत्रमागांची कर्जप्रकरणे. सांगाडा, मोटर, सूत, सगळ्याची रक्कम मांडता येत होती. पळून गेलेला पद्मशाली कामगार त्याच मालकाकडे पुन्हा रात्रपाळीला येईल का, याला मात्र अर्जात रकाना नव्हता. अशाच एका अर्जावर सही करताना एका वृद्ध मागवाल्या चाचांनी सांगितले, की 1970 च्या दंगलीनंतर बलराज साहनी इथे येऊन राहिले होते.

'दो बिघा जमीन'मधला रिक्षा ओढणारा शंभू वाचकांना आठवत असेल. हा शंभू इंग्रजीचा एम. ए.! जन्म 1 मे 1913, रावळपिंडी. शांतिनिकेतनात मास्तरकी, मग सेवाग्राम, महायुद्धाच्या काळात लंडनला बीबीसी; परतल्यावर इप्टा, चित्रपट आणि कम्युनिस्ट म्हणून तुरुंगही. फाळणीत गाव सुटले.

7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडी पेटली, लोण जळगाव-महाडपर्यंत गेले. बलराज आले आणि मुस्लिम वस्तीत सुमारे पंधरा दिवस राहिले. दंगलीनंतर पैसा, धान्य, कापड पाठवता येते; राहायला स्वतःच यावे लागते. महायुद्धानंतर मार्शल योजनेतून अमेरिकेने युरोपला सुमारे 13 अब्ज डॉलर दिले. बँकवाल्याला अशा आकड्यांची भुरळ पडते. पण फ्रेंच आणि जर्मन मुलांनी एकमेकांकडे जावे-यावे, म्हणून 1963 साली निराळी संस्था काढावी लागलीच.

धाकटे भाऊ भीष्म यांनीही बलराज यांच्याबरोबर ती भिवंडी पाहिली. थंड पडलेले माग, ओस रस्ते पाहून त्यांना 1947 ची रावळपिंडी आठवली. दिल्लीला परतल्यावर त्यांनी 'तमस' लिहायला घेतली.

'गर्म हवा'त बलराज आग्र्याचे बूट-कारखानदार सलीम मिर्झा झाले. फाळणीनंतर बँकही त्यांना कर्ज नाकारते. तो प्रसंग मला अजून बसून पाहवत नाही. या चित्रपटाचे डबिंग संपले आणि दुसऱ्याच दिवशी, 13 एप्रिल 1973 रोजी, बलराज गेले. अकरा वर्षांनी भिवंडी पुन्हा पेटली.

चाचांचे प्रकरण मी मंजूर केले. हप्ते वेळेवर येत गेले. मी ठाण्याहून येऊन-जाऊन होतो, संध्याकाळची एस. टी. चुकवायची नसे. चाचांचा तो कामगार परत आला की नाही, हे पाहायला त्यांच्या गल्लीत मी एकदाही गेलो नाही.